दवाखान्याच्या पाटीवर लाल क्रॉस लावला तर चालतो का?

शिरपूरला दवाखाना, मेडिकल आणि ॲम्ब्युलन्स एकदमच सुरू करताय आणि विचारलंय, "धुळ्यापासून चोपड्यापर्यंत सगळेच लाल क्रॉस लावतात, मी लावला तर काय बिघडलं?"

डॉक्टर, लावू नका. जिनिव्हा कन्व्हेन्शन्स ॲक्ट, 1960 च्या कलम 12 प्रमाणे पांढऱ्यावरचा लाल क्रॉस केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय कशासाठीही वापरता येत नाही. दंड 500 रुपयांपर्यंतच, पण ज्या वस्तूवर चिन्ह आहे ती जप्त होऊ शकते. तक्रार सरकारकडूनच व्हावी लागते, म्हणून लोक बिनधास्त असतात.

दंड किरकोळ असला तरी कारण मोठं आहे. 1864 पासून हे चिन्ह लढाईतल्या जखमींचं आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांचं आहे. त्याचा अर्थ एवढाच, की इथे गोळी झाडायची नाही. बंदूक रोखलेल्या सैनिकाकडे विचाराला क्षणभरच असतो. क्रॉस दिसला म्हणजे आत जखमीच असणार, हा भरवसा तेव्हा त्याला वाटायला हवा. तोच क्रॉस मेडिकलच्या शटरवर आणि खासगी कारच्या काचेवर चिकटलेला दिसतो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण तो भरवसा असाच झिजतो.

रेडियमवाला पळवाटा सुचवेल. लालवर पांढरा क्रॉस? तो स्वित्झर्लंडचा, त्याच कलमात बंद. क्रॉसमध्ये स्टेथोस्कोप? मिळतंजुळतं चिन्हही बंद.

ॲम्ब्युलन्सला सहा पाकळ्यांचा निळा 'स्टार ऑफ लाइफ' लावा, प्रथमोपचाराच्या खोलीला हिरव्यावर पांढरा क्रॉस. मेडिकलला ठळक नाव पुरे. लेटरपॅड, शिक्का, औषधाची पाकिटं विसरू नका. बोर्ड बदलतो, पण छापखान्यात जुनीच फाइल राहते आणि पुढच्या छपाईत क्रॉस परत येतो. गाडी जुनी घेतली असेल तर रेडियम हेअर ड्रायरने तापवून हळू सोडवा. ओढलंत तर रंग उखडतो. उन्हामुळे क्रॉसचा ठसा बॉडीवर उमटलेला असतो, तेवढा भाग रंगवूनच घ्या.

जळगावच्या रेड क्रॉस शाखेचं सभासदत्व घेतलं तरी स्वतःच्या पाटीवर चिन्ह लावायचा हक्क मिळत नाही. 1949 च्या पहिल्या जिनिव्हा करारात ॲम्ब्युलन्स आणि मोफत उपचारकेंद्रांसाठी एक अपवाद आहे, पण त्याला राष्ट्रीय रेड क्रॉस सोसायटीची स्पष्ट परवानगी लागते आणि तीही देशाच्या कायद्यात बसावी लागते. कुणाच्या तोंडी होकारावर गाडी रंगवायला टाकू नका.