डनेडिनचा पिंपवाला आणि सुनेचं स्कॉटिश माहेर

प्रश्न : ताई, माझी सून न्यूझीलंडची. तिचे खापरपणजोबा १८६३च्या सुमारास स्कॉटलंडहून सोन्याच्या नादाने न्यूझीलंडच्या ओटागो प्रांतात आले, डनेडिनला राहिले आणि १८९८ साली तिथेच वारले. घरात एवढंच माहीत आहे. आडनाव ‘मॅक’ने सुरू होतं. नातवाला शाळेत वंशावळ करून न्यायची आहे. मुलाने एका वेबसाइटवर नाव टाकलं, तर तासाभरात वंशावळ थेट स्कॉटलंडच्या रॉबर्ट द ब्रूस राजाला जाऊन भिडली! त्या आडनावाचं टार्टनचं, म्हणजे स्कॉटिश चौकडीचं, कापडही आणून ठेवलंय. हे खरं धरायचं का? आणि मूळ गाव कसं सापडेल?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, मिरज

उत्तर : कापड राहू द्या, थंडीत उपयोगी पडेल. राजा मात्र परत करा.

ब्रूस वारला १३२९ साली. स्कॉटलंडमधली सगळ्यात जुनी चर्चची नोंदवही पर्थशरमधल्या एरल गावची, ती सुरू होते १५५३ला. बहुतेक गावांच्या वह्या तर त्याहून बऱ्याच उशिराच्या. म्हणजे मधली सव्वादोनशे वर्षं कुणीतरी आपल्या मनाने भरली आणि पुढच्यांनी ती उतरवून घेतली. सरदार-जमीनदारांचं कागदोपत्री काही सापडतं, पण कोळ्या-विणकराचं कोण लिहून ठेवणार? आडनावाचंही तसंच. घराण्याच्या प्रमुखाच्या जमिनीवर कसायला राहणाऱ्या कुळांनीही त्याचंच आडनाव लावलं. भोसले आडनावाचा प्रत्येक जण छत्रपतींच्या घरातला नसतो, तसंच हे.

आता कामाचं. स्कॉटलंडमध्ये शोधायला इतक्यात जाऊ नका. आधी डनेडिनमध्येच शोधा. मी मूळची वाईची, लग्नानंतर डनेडिनला आले त्याला एकतीस वर्षं झाली. त्यातली बरीच वर्षं लायब्ररीच्या काउंटरवर गेली. तिथे येणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी एडिंबरोचंच विचारायचा. माणूस जिथे मेला तिथला कागद आधी काढा, हे कुणालाच पटायचं नाही.

मलाही पटलं नव्हतं. आमच्या ह्यांचे खापरपणजोबा पिंपं बनवायचे. घरात ठाऊक होतं ते एवढंच, की फाइफ परगण्यातले. मी उत्साहाने त्या नावाचा, त्या वयाचा, त्याच धंद्यातला माणूस शोधला आणि दोन वर्षं त्याचे आईबाप, आजे-पणजे गोळा करत बसले. सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला तक्ता फ्रेम करून दिला. मग १८७१ची स्कॉटलंडची जनगणना चाळताना हा पठ्ठ्या तिथेच सापडला, बायको आणि चार पोरांसकट. आमचा माणूस तेव्हा डनेडिनला येऊन नऊ वर्षं झाली होती. फ्रेम अजून माळ्यावर आहे.

म्हणून पहिलं काम, मृत्यूची नोंद. न्यूझीलंडमध्ये १८७६पासून मृत्यूच्या नोंदीत भरपूर माहिती लिहितात : आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, जन्मस्थळ, देशात येऊन किती वर्षं झाली, लग्न कुठे, कितव्या वर्षी, कुणाशी, आणि हयात मुलांची वयं. तुमचे खापरपणजोबा १८९८चे, म्हणजे नशीबवान. सरकारच्या जन्म-मृत्यू-विवाह नोंदींच्या साइटवर शोध फुकट आहे. कागद मागवताना शोभेचं प्रमाणपत्र नको, ‘प्रिंटआउट’ मागा. स्वस्त पडतं आणि माहिती जास्त असते. देशात किती वर्षं झाली, हा आकडा नीट पाहा. १८६१ला ओटागोतल्या गॅब्रिएल्स गलीत सोनं लागल्यावर पुष्कळ लोक आले ते थेट स्कॉटलंडहून नव्हे, तर ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाच्या खाणींवरून. स्कॉटलंडहून आलेल्या जहाजाच्या प्रवाशांची यादी सापडत नसेल, तर मेलबर्न बंदराच्या याद्या पाहा. न्यूझीलंडच्या जनगणनेत मात्र वेळ घालवू नका, घरोघरचे जुने फॉर्म नष्ट केलेले आहेत. त्याऐवजी १८९३ची मतदारयादी बघा. त्या वर्षी बायकांना मत मिळालं, त्यामुळे खापरपणजीही सापडायला हरकत नाही.

जन्मस्थळाच्या रकान्यात बहुधा नुसतं ‘स्कॉटलंड’ असेल. आमच्याकडे ‘फाइफ’ होतं, म्हणजे ‘सातारा जिल्हा’ म्हटल्यासारखं. गाव मिळालं ते वर्तमानपत्रात. ‘पेपर्स पास्ट’ ही राष्ट्रीय ग्रंथालयाची साइट फुकट आहे, जुने अंक शब्द टाकून शोधता येतात. ‘ओटागो डेली टाइम्स’च्या निधनवार्तेत चार ओळी होत्या. शेवटी अॅन्स्ट्रुदर हे गाव आणि ‘होम पेपर्स प्लीज कॉपी’, म्हणजे मायदेशीच्या पत्रांनी ही बातमी उतरवून घ्यावी. चाळीस वर्षं इथे काढलेल्या माणसाच्या मरणाची बातमीसुद्धा तिकडे कळवायची असायची. मी तेव्हा वाईला आईला फोन लावला होता, उगाचच.

गाव कळलं तरी संपत नाही. स्कॉटलंडमध्ये धरायचा असतो तो पॅरिश, म्हणजे एका चर्चचा इलाखा. अॅन्स्ट्रुदर नकाशावर एक दिसतं, पण ईस्टर आणि वेस्टर हे दोन वेगळे पॅरिश, आणि लागूनच तिसरा किलरेनी. घर दोन गल्ल्या पलीकडे गेलं की पोराची नोंद दुसऱ्याच वहीत. या सगळ्या वह्या, जनगणना आणि १८५५पासूनच्या सरकारी नोंदी ‘स्कॉटलंड्सपीपल’ या सरकारी साइटवर आहेत. यादी फुकट दिसते, मूळ पानाला क्रेडिट विकत घ्यावे लागतात. मॅक (Mac), एमसी (Mc), मधे जागा सोडून, आडनावाची सगळी रूपं टाकून बघा. लिहिणारा कारकून ऐकू येईल तसं लिहायचा.

इथे हुकमी एक्का म्हणजे आईचं माहेरचं नाव. आपल्याकडे लग्नात मुलीचं पाळण्यातलं नावसुद्धा बदलायची पद्धत होती. स्कॉटिश कागदांत बाई मरेपर्यंत बापाच्या आडनावाने लिहिलेली सापडते, बाप्तिस्म्याच्या नोंदीतही बहुधा दोन्ही आडनावं असतात. एका नावाचे दहा जेम्स निघतील, पण तीच आई असलेला सहसा एकच. नावं ठेवायची रीतही कामाला येते : पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांचा, दुसरा आईच्या वडिलांचा, पहिली मुलगी आईच्या आईची. सगळे पाळत नसत, म्हणून हा पुरावा नव्हे, नुसता अंदाज.

दोन खाचखळगे. १८४१च्या जनगणनेत पंधराच्या वरची वयं पाचाच्या पटीत खाली ओढलेली आहेत, एकोणीसचा मुलगा पंधराचा दिसेल. आणि १८४३ला स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च वेगळं झालं. डनेडिन वसवलं ते याच लोकांनी. जन्म त्यानंतरचा असेल आणि मूळ चर्चच्या जुन्या वहीत सापडला नाही, तर त्याच साइटवरच्या ‘इतर चर्च’ या भागात बघा.

आता माझी आवडती गोष्ट. स्कॉटलंडमध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली १८५५ला आणि पहिल्या वर्षी कारकुनांना इतके रकाने भरायला लावले, की पुढच्याच वर्षी कमी करावे लागले. त्या एका वर्षाच्या मृत्युनोंदीत मयताची सगळी मुलं क्रमाने लिहिलेली असतात, गेलेलीसुद्धा. वंशावळवाले म्हणूनच हळूच विचारतात, ‘तुमचं कुणी पंचावन्न साली गेलं का हो?’ आमची गेली होती, पिंपवाल्याची आई. पान स्क्रीनवर उघडलं तर सात मुलं, दोघांपुढे मेल्याचं साल, आणि पाचव्या ओळीत आमचा माणूस, वय १७. खाली माहिती देणाऱ्या थोरल्या मुलाची सही हवी होती. तिथे फुली होती, जरा तिरकी, शाई पसरलेली. सासूबाई चष्मा लावून त्या फुलीकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘हा आपला.’ नवी फ्रेम अजून केलेली नाही.

नातवाच्या शाळेला घाई असेल तर सुनेपासून खापरपणजोबांपर्यंतचं पक्कं लिहून द्या, वरची जागा कोरी ठेवा. प्रिंटआउट हातात आलं की त्यातलं आईचं माहेरचं आडनाव मला कळवा. पॅरिश कुठला धरायचा ते पुढच्या अंकात बघू.