साहेब म्हणतात, ‘मी असं बोललोच नव्हतो’

प्रश्न : अंधेरीच्या एका कंपनीत डिस्पॅचला आहे. साहेब लोकलमधून फोनवर ऑर्डर सांगतात आणि माल चुकला की माझ्यावर ढकलतात. काय करू?

उत्तर : फोन ठेवण्याआधीच ऑर्डर त्यांना परत म्हणून दाखवा: माल, नग, पत्ता, वेळ. गाडीच्या खडखडाटात आधी आकडे बिघडतात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर सारखेच ऐकू येतात, म्हणून ‘पाच-नऊ’ असे सुटे अंक बोला. ‘उद्या सकाळी’ यावर थांबू नका, नेमकी वेळ विचारा. मग लगेच व्हॉट्सॲपवर लिहा: ‘सर, आत्ता बोलल्याप्रमाणे ५९ खोकी, भिवंडी गोदाम, मंगळवारी ११ पर्यंत. टेम्पो आज ४ वाजता भरतोय, त्याआधी बदल असल्यास कळवा.’ शेवटचं वाक्य गाळू नका. नुसतं ‘ओके ना?’ विचारलं की उत्तर येत नाही आणि तुम्ही ताटकळता. निळ्या खुणा म्हणजे होकार नव्हे. मोठी ऑर्डर असेल तर उत्तर आल्याशिवाय टेम्पो भरू नका. मेसेज एकट्या साहेबांनाच पाठवा. ग्रुपवर टाकलात तर तुम्ही पुरावे जमवताय असं त्यांना वाटेल, आणि ते स्वाभाविकही आहे. दरातला बदल मात्र ईमेलवरच मागा.