प्लॉट विकला, आता दान करायचंय

प्रश्न: तळेगावचा २०१६ ला घेतलेला प्लॉट यंदा, म्हणजे २०२५-२६ मध्ये विकला, चांगला नफा झाला. त्यातले २ लाख एका अनाथाश्रमाला द्यायचेत, ८०जी मुळे, म्हणजे दानावर वजावट देणाऱ्या आयकराच्या कलमामुळे, नफ्यावरचा टॅक्स कमी होईल ना? एजंट तर हो म्हणाला. – एक वाचक, पुणे

उत्तर: एजंटला प्लॉटचं कळतं, टॅक्सचं नाही हो! २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या प्लॉटचा नफा लाँग टर्म, आणि त्याच्यातून ८०जी ची वजावट मिळतच नाही, मिळते ती भाडं, पगार अशा बाकीच्या उत्पन्नातून आणि तीही जुनी टॅक्स रिजीम घेतली तरच. समजा तुमचं बाकीचं उत्पन्न ९ लाख आहे, तर साधारण त्याच्या १० टक्के म्हणजे ९० हजारापर्यंतचंच दान धरतात आणि बहुतेक संस्थांना त्याच्या निम्मी वजावट, म्हणजे उत्पन्नातून वजा होणार फक्त ४५ हजार, दिले मात्र २ लाख. चेक किंवा यूपीआयनेच द्या, कॅशमध्ये २ हजाराच्या वर दिलं की वजावट गेलीच, आणि संस्थेकडून १०बीई हे दानाचं सर्टिफिकेट मागून घ्या, नुसती पावती चालत नाही. धान्य, कपडे, वह्या जरूर द्या पण त्यावर काही मिळत नाही.