सासूबाईंना डिमेन्शिया आहे, पुण्यातलं केअर सेंटर निवडताना काय बघावं?

ठरवून दाखवतात त्या वेळी जाऊ नका, दिवेलागणीला जा. डिमेन्शियात बऱ्याच जणांची बेचैनी तेव्हाच वाढते, ‘मला घरी जायचंय’चा धोशा सुरू होतो. तिथल्या मावशी हात धरून एक फेरी मारून आणतात, की दटावून खुर्चीत बसवतात? मला यातच सगळं कळतं. रात्री किती जणांमागे किती मदतनीस जागे असतात, तेही आकड्यात विचारा.

शांत करणाऱ्या गोळ्या कोण लिहून देतं, आधी घरच्यांना विचारतात का? अशा गोळ्यांतल्या अँटिसायकोटिक (मनोविकारांवरच्या) औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, २००५ मध्येच दिलाय. ‘रोज एक गोळी देतो, त्रास नाही’ असं सहज सांगणारी जागा मी तरी सोडून देईन.

सासूबाईंशी मराठीत बोलणारं कुणी आहे ना, हेही बघा. या आजारात, मोठेपणी शिकलेल्या भाषा अनेकदा आधी सुटतात.

बाग, एसी वगैरे ठीक. तुम्ही कोथरूडला राहत असाल तर वाघोलीच्या ऐसपैस जागेपेक्षा जवळची साधी जागा बरी, कारण तिथे तुम्ही अधूनमधून न सांगता डोकावू शकाल. डिपॉझिट परत मिळण्याच्या अटी लेखी घ्या.