ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल बसवला, आता रिव्हर्स टाकताना खरखर होते. गिअरबॉक्स पुन्हा उतरवू का?

एवढ्यात उतरवू नका. तुम्ही म्हणता, इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडतात, चालू केलं की पेडल तळाला टेकवूनही रिव्हर्स खरखरतो आणि पहिल्याला जोर लावावा लागतो. म्हणजे बहुधा गिअरबॉक्स ठीक आहे, क्लच पूर्ण सुटत नाहीये, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळं होत नाहीये. मी याच दुखण्यापायी गिअरबॉक्स दोनदा खाली घेतला होता. दोष निघाला पेडलपाशी!

आधी एक साधी खात्री करा. इंजिन चालू, न्यूट्रल, पेडल पूर्ण दाबून दहा सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. आवाज न होता पडला तर क्लच सुटतोय, फक्त इनपुट शाफ्ट (क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाणारा) थांबायला वेळ घेतो. तरीही खरखरला तर इंजिन बंद करा, कुणाला तरी पेडलवर बसवा आणि स्लेव्ह सिलिंडरचा (गिअरबॉक्सपाशी ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा) दांडा किती मिलिमीटर सरकतो ते पट्टीने मोजा. त्या गिअरबॉक्सच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. (स्लेव्ह बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या घंटेसारख्या कवचाच्या, आत असेल तर हे मोजता येणार नाही.)

सरक कमी भरली तर दोष बाहेरच आहे. पहिला संशय ऑइलमध्ये अडकलेल्या हवेचा. अशा अदलाबदलीत स्लेव्ह कधीकधी तिरका बसतो, ब्लीडिंगचा (ऑइलमधली हवा काढण्याचा) निपल खाली जातो आणि कितीही ब्लीड करा, वरची हवा हलत नाही. स्लेव्ह सोडून निपल वर येईल असा धरा, दांडा आत दाबून ठेवा आणि मग ब्लीड करा. दुसरा संशय मास्टर सिलिंडरच्या (पेडलने ऑइल ढकलणाऱ्या) मापाचा, म्हणजे आतल्या व्यासाचा. 3/4 इंची मास्टर तेवढ्याच स्ट्रोकमध्ये 5/8 इंचीपेक्षा 44 टक्के जास्त ऑइल ढकलतो. लहान मास्टर आणि मोठा स्लेव्ह अशी जोडी जमली असेल तर पेडल हलकं लागेल, पण क्लच अर्धाच सुटेल. आणि माझी चूक: मूळच्या ऑटोमॅटिक गाडीत मास्टरच्या जागी पत्र्याला मजबुती नव्हती. पेडल दाबलं की फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) फुगायची, निम्मी सरक तिथेच गडप. बोनेट उघडून, पेडल दाबायला लावून मास्टरकडे बघत राहा, लगेच कळतं.

सरक पूर्ण असेल तरच आत शिरा. मॅन्युअलला पायलट बेअरिंग (इंजिनच्या क्रँकच्या मागच्या टोकात बसणारं) लागत असेल आणि ते बसवायचं राहिलं असेल (ऑटोमॅटिकच्या क्रँकमध्ये ते नसतं), तर इनपुट शाफ्टला पुढून आधार नसतो आणि क्लचची प्लेट घासत राहते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांना ते लागतच नाही, हेही ध्यानात ठेवा. प्लेट उलटी बसली असेल तर तिचा हब (मधला उंच भाग) फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनमागच्या जड चाकाच्या, बोल्टना अडतो. बेल हाउसिंगच्या डॉवेल पिना (त्याला नेमक्या जागी बसवणाऱ्या) विसरल्या असतील तर शाफ्ट मध्यावर राहत नाही.

मोजलेली सरक आणि दोन्ही सिलिंडरची मापं इथे टाका, मग पुढचं बघू.