बाल्कनीत पहिली कुंडी अबोलीची असावी

गोव्यातील सदनिकेत प्रथमच कुंड्या मांडत असाल, तर आरंभ अबोलीपासून करावा, असा माझा आग्रह आहे. कारण मोगऱ्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागते, तर अबोली अर्ध्या सावलीतही फुलते आणि तिला गंध नसला, तरी तिची खुडलेली फुले लवकर कोमेजत नाहीत. घरच्या फुलांचा वळेसर स्वतः गुंफून माळण्यात जो आनंद आहे, तो बाजारातून आणलेल्यात नाही.

आपली जांभ्याची तांबडी माती कुंडीत घट्ट बसते, म्हणून तीत नारळाच्या काथ्याचा भुसा आणि कुजलेले शेणखत मिसळावे. वर्षाचा जवळजवळ सगळा, म्हणजे सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस जून ते सप्टेंबरमध्येच कोसळतो; त्या काळात कुंडीखालची ताटली काढून ठेवावी, अन्यथा मुळे कुजतात.

अबोलीचे तुरे वाळले की सगळेच खुडू नयेत. वाळलेल्या बोंडांना पाणी लागताच ती तडकून बिया दूर उडतात, आणि काही आठवड्यांनी शेजारच्या कुंडीत न लावलेले रोप उगवलेले दिसते. ते उपटू नका. चार पाने फुटली की वेगळ्या कुंडीत लावून शेजाऱ्यांना द्या.