गाईच्या कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो हे कुणी शोधलं? उकळलं तर धोका जातो का?

हो, उकळल्यावर दुधातला धोका जातो. आणि गाईच्या दुधाबद्दल इशारा देण्याचं मोठं श्रेय अमेरिकी जीवाणूशास्त्रज्ञ अ‍ॅलिस इव्हान्स यांना जातं. तोवर गाईंचा गर्भपात घडवणारा जीवाणू आणि माणसाला माल्टा ताप (म्हणजेच ब्रुसेलोसिस) आणणारा जीवाणू वेगळे समजले जात. एक दंडाकार, दुसरा गोलाकार, अशी नोंदच होती. इव्हान्स यांनी दोन्ही शेजारी ठेवून तपासले, तर ते जवळजवळ सारखेच निघाले. मग गाईचं कच्चं दूध माणसाला सुरक्षित कसं, हा त्यांचा 1918 च्या निबंधातला साधा प्रश्न होता. डेअरीवाल्यांना तो आवडला नाही, थिओबाल्ड स्मिथसारख्या दिग्गज जीवाणूशास्त्रज्ञानेही शंका घेतली. (बाईंकडे पीएचडी नव्हती, हेही लोकांना खुपलं असणार.) पुढे इतर संशोधकांनाही तेच दिसलं आणि 1930 च्या दशकात तिथे दुधाचं पाश्चरीकरण सक्तीचं होत गेलं. 1922 मध्ये प्रयोगशाळेतच त्यांना हा आजार जडला आणि अनेक वर्षं छळत राहिला. मात्र दुधाचा संबंध मुळात त्यांनीच प्रथम जोडला असं नाही: माल्टातल्या शेळ्यांमध्ये हा जीवाणू तिथले डॉक्टर थेमिस्टोक्लिस झमिट यांना 1905 मध्येच सापडला होता.

आपल्याकडे दूध उकळतातच, त्यामुळे खरी काळजी गोठ्यात घ्यायची:
- गाभडलेल्या (गर्भपात झालेल्या) गाई-म्हशीची वार (जार) उघड्या हाताने काढू नका
- कालवडींना 4 ते 8 महिन्यांच्या वयात ब्रुसेलोसिसची लस टोचून घ्या